मी जातो की मी जाते?

प्रश्न : ताई, मी १९ वर्षांची, साताऱ्याची. दोन वर्षं झाली एक फॅन्टसी कॉमिक काढतेय, सगळी गोष्ट एका काल्पनिक घाटातल्या गडांवर घडते. त्यात रेवा आहे, जासूद, डावा पाय गुडघ्याखाली नाही आणि लोहाराच्या तानीवर तिचं प्रेम आहे. शेवटी देवी प्रसन्न होऊन तिला पाय परत देते असं ठरवलंय. दुसरं पात्र सावर, जे पुरुषही नाही आणि बाईही नाही, पण मराठीत सावरला बोलायला लावलं की मी अडकतेच, जातो लिहू की जाते? आणि मित्र म्हणतो की एवढं सगळं मुद्दाम कोंबल्यासारखं वाटतं. चित्रं सोबत पाठवलीत.

उत्तर : मित्राचं आधी उरकून टाकू. रेवाचा पाय आणि रेवाचं प्रेम फक्त पात्रपरिचयाच्या पानावर असेल आणि पुढच्या चाळीस पानांत त्यानं काहीच बदलत नसेल तर तो म्हणतो ते बरोबर आहे, नाहीतर त्याचं म्हणणं सोडून दे.

आता पाय. तू पाठवलेल्या पानांत रेवा लाकडी पायावर धडाधड पायऱ्या उतरते, इतरांसारखीच. अगं, लाकडी पायाचा घोटा वळत नाही, उतारावर तिला अंग तिरकं करून उतरावं लागेल, म्हणजे खाली यायला तिला इतरांपेक्षा वेळ लागेल, आणि जासूदाच्या गोष्टीत हे केवढं कामाचं आहे बघ! तुटक्या भागाची सूज दिवसभरात कमीजास्त होते, मग तो भाग ज्यात बसतो ती लाकडी पायाची वाटी सकाळी घट्ट असली तरी दुपारी सैल होते, आत अजून एक कापड गुंडाळावं लागतं, पावसाळ्यात घामानं कातडी सोलवटते. आणि नसलेला पाय दुखतो, खरंच दुखतो, पुष्कळ लोकांना. माझ्या मामाला लहानपणी पोलिओ झालेला, एसटी आली की बाकीचे खिडकीत रुमाल टाकायचे आणि हा आधी दाराचा दांडा कुठंय ते बघायचा, कुठल्याही नव्या जागी गेला की धरायला काय आहे हेच पहिलं दिसायचं त्याला. रेवाचे डोळे तसे काढ ना, दरवाज्यात शिरताना तिला कोरीवकाम नाही दिसणार, कठडा दिसेल.

पाय कसा बनवलाय तेही ठरव. जयपूर फूट माहितीये ना? १९६८ च्या सुमारास जयपूरला रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी मिळून तो केला, कारण तेव्हाचे बाहेरून आलेले पाय बूट घालून चालणाऱ्यांसाठी होते, ते लावून उकिडवं बसता येत नव्हतं, मांडी घालता येत नव्हती, शेतातल्या चिखलात अनवाणी जाता येत नव्हतं. म्हणून मग रबराचं पाऊल. म्हणजे पाय बघितला की तो लावणारी माणसं कशी बसतात, कशी राबतात ते कळतं. तुझ्या गडावरची माणसं जेवायला पाटावर बसतात, मग रेवाचा पाय तानीच्या बापानं काय विचार करून घडवला असेल? माझ्या मते प्रेमाची सुरुवात तिथंच आहे, मापं घ्यायला तानीच आली असणार.

आणि देवीनं पाय परत द्यायचा हा शेवट मला नाही आवडला, स्पष्टच सांगते. महाभारतात अष्टावक्र जनकाच्या दरबारात जाऊन बंदी नावाच्या पंडिताला वादात हरवतो, आठ ठिकाणी वाकडं शरीर घेऊन, आणि मग बाप त्याला समंगा नदीत अंघोळ करायला सांगतो आणि तो सरळ होतो. लहानपणी ऐकताना मला बरं वाटलं होतं, आता वाटतं वाद तर त्यानं आधीच जिंकला होता, मग नदी कशाला?

सावरचं मात्र खरं कोडं आहे आणि त्याची मला जास्त मजा वाटली. इंग्रजीतल्या ‘दे’सारखं ‘ते’ वापरून आपलं भागत नाही, क्रियापदच चुगली करतं. ‘सावर आले’ म्हटलं की मानाचा पुरुष होतो, ‘आल्या’ म्हटलं की बाई, आणि ‘आलं’ म्हटलं की लेकरू नाहीतर कुत्र्याचं पिल्लू, हिणवायलाही तेच वापरतात. पण मराठीत पळवाटाही भरपूर आहेत. ‘मी जाईन’ यात बाई-पुरुष कळत नाही. ‘मला जायचंय’, ‘मला भूक लागली’ यातही नाही. ‘मी तलवार उचलली’ यात क्रियापद तलवारीच्या मागे जातं, बोलणारा कोण हे त्याला पडलेलंच नाही. सावरला एवढ्याच वाक्यांत बोलू दे, नेहमी पुढचं बोलणारं किंवा केलेल्या कामाचं बोलणारं माणूस, वाचणाऱ्याला दहा पानांनी लक्षात येईल की अरेच्चा. शिवाय कोल्हापूरकडच्या मुली बिनधास्त ‘मी येतो’ म्हणतातच की, तेव्हा गडागडांची बोली वेगळी ठेवलीस तर एका गडावर सावरला बोलताना कसलीच अडचण नाही आणि दुसऱ्यावर प्रत्येक वाक्य जपून! इतर लोक काय म्हणतात तेही वेगवेगळं ठेव, आजी ‘आली’ म्हणेल, पहारेकरी ‘आला’ म्हणतील, तानी नुसतं नाव घेईल. कॉमिकमध्ये निवेदन कमीच असतं, तिथं नाव परत परत आलं तरी चालतं.

फक्त सावर कुणाला तरी वाचवायला मरणार नाही एवढं बघ. शिखंडीही असाच दुसऱ्यांच्या कामापुरता उरला, लोकांना भीष्मासमोर उभा केलेला तेवढाच आठवतो. मुलगी म्हणून जन्म, मुलगा म्हणून वाढवणं, दशार्णाच्या राजकन्येशी लग्न, खरं कळल्यावर सासरा सैन्य घेऊन निघालेला, रानात यक्षाशी केलेली अदलाबदल, हे सगळं उद्योगपर्वात आहे आणि कुणी सांगत नाही.

एक राहिलं. सातव्या चित्रात रेवाचा अधू पायही डावा आणि काठीही डाव्याच हातात. एकच काठी असेल तर ती चांगल्या पायाच्या बाजूला धरतात. तेवढं पान परत काढ.