पहिला झुलता पादचारी पूल डिझाइन करताय?

आधी केबलचा झोल, म्हणजे ती मध्यभागी किती खाली लोंबते, ते ठरवा. गाळ्याचा (दोन आधारांमधल्या अंतराचा) साधारण दहावा भाग, म्हणजे ६० मीटरला ६ मीटर, ही चांगली सुरुवात. दिसायला छान म्हणून तो निम्मा केलात, तर केबलमधला आडवा ताण दुप्पट होतो आणि सगळा अँकरवर, म्हणजे केबलचं टोक जमिनीत धरून ठेवणाऱ्या ठोकळ्यावर, येतो. नवखे नेमके तिथेच चुकतात: केबल काटेकोर तपासतात, पण अँकर ब्लॉक सरकेल का, उचलला जाईल का, हे पाहतच नाहीत.

दुसरं, डोलणं. चालणारा माणूस पुलाला सेकंदाला साधारण एकदा बाजूला ढकलतो. लंडनचा मिलेनियम ब्रिज २००० मध्ये उघडल्यावर याच कारणाने लगेच बंद करावा लागला. ताकद कमी नव्हती! आडवी वारंवारता, म्हणजे पूल सेकंदाला किती वेळा बाजूला डोलतो, ती सुरुवातीलाच काढा.

वाऱ्याचं सविस्तर गणित नंतर. एक गाळा हाताने सोडवा, मगच सॉफ्टवेअर उघडा. नक्की जमेल, अडलात तर विचारा.