वरच्या दाढेचं इम्प्लांट? आधी सायनस बघ

ओपीजीवर (जबड्याच्या सपाट एक्स-रेवर) हाड भरपूर दिसलं म्हणून लगेच ड्रिल हातात घेऊ नकोस, सीबीसीटी (थ्रीडी स्कॅन) काढच. आपल्या सोलापुरात मिश्री लावून वरच्या दाढा कधीच्याच गेलेल्या विडी कामगार मावश्या येतात. तिथे सायनस (वरच्या दाढांच्या वरची हवेची पोकळी) खाली उतरलेला असतो, हाड कधीकधी 3-4 मिमीच उरतं.

हाडाची उंची सगळेच मोजतात. तू सायनसच्या तळातून उठलेले हाडाचे पडदे शोध, शरीररचना-तज्ज्ञ अंडरवूडने 1910 मध्ये वर्णिलेले. हाड भरायला सायनसचं आतलं अस्तर सोडवताना ते हमखास तिथेच फाटायला बघतं. बाहेरच्या भिंतीतली रक्तवाहिनीही हेरून ठेव.

आणि स्कॅन लिहून देताना ओस्टियम (सायनसचं नाकात उघडणारं तोंड) येईल इतका वरपर्यंत मागव (सेंटरवाले नुसता जबडा काढून देतात). ते बंद दिसलं तर आधी कान-नाक-घसावाल्यांकडे पाठव. मावशींना एसटी गाठायची घाई असेल, असू दे.