तक्ता हातात दिला तर तो बोलायचंच सोडून देईल का?

‘मॅडम, चित्रावर बोट ठेवून सगळं मिळायला लागलं, तर तोंड कशाला उघडेल तो?’ बोलण्याऐवजी चित्रावर बोट ठेवून आपलं म्हणणं सांगता यावं म्हणून चित्रांचा तक्ता सुचवला, की न बोलणाऱ्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांचे आईवडील हा प्रश्न हमखास विचारतात. अशा अनेक घरांमधला अनुभव एकत्र करून हे लिहिलं आहे. मुलाला आरव म्हणू या. वय ७, मराठी शाळेत दुसरीत.

भीती समजण्यासारखी आहे, पण खरी नाही. २००६ साली या विषयावरच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या भरवशाच्या २७ जणांच्या नोंदींमध्ये चित्रं, खुणा किंवा यंत्र वापरल्याने एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. ८९ टक्के जणांचं थोडंफार वाढलं, बाकीच्यांचं होतं तेवढंच राहिलं. कारण सरळ आहे: ज्याला शब्द उच्चारता येतो, तो चित्र शोधत बसत नाही. काही मुलं मोठेपणीही तोंडाने बोलत नाहीत. त्यांना तर तक्ता हवाच, तीच त्यांची भाषा.

आरवच्या घरी तक्ता आधीही होता. बिस्किट, चिप्स, मोबाइल अशी बारा चित्रं. तो दिवसभर बिस्किटं मागायचा, मग आजीने तक्ता कपाटावर टाकला. नुसती खाऊची नावं दिली तर मूल नुसतं मागणारच. त्यातून मोठी माणसं सारखी ‘बिस्किट कुठंय? दाखव’ म्हणत परीक्षा घ्यायची.

नवा तक्ता ए-फोर कागदावर केला, २० चौकटींचा, लॅमिनेट करून: मी, तू, हवं, नको, अजून, थांब, संपलं, मदत, दुखतंय, बघ, दे, वेगळं, आवडलं आणि असेच रोजचे शब्द. क्रियापदं ‘जायचं’, ‘खायचं’ अशी घेतली. मला जायचं, आईला जायचं. बोलणारा कुणीही असो, रूप बदलत नाही. एकदा ठरलेली चौकट मात्र हलवायची नाही, बोटांना जागा पाठ होत असते.

पहिले काही महिने बोट मोठ्यांनी ठेवायचं. पोहे वाढताना आई ‘अजून?’ म्हणत ‘अजून’वर बोट टेकवते, मनात दहापर्यंत मोजते आणि त्याने काही केलं नाही तरी वाढते. हात धरून दाबून घ्यायचं नाही, ‘आधी दाखव, मग देते’ म्हणायचं नाही.

आरवने आपणहून दाबलेला पहिला शब्द ‘थांब’, नखं कापताना. आईने नेलकटर खाली ठेवलं, चार बोटं राहिली होती तरी. हे फार महत्त्वाचं. ‘थांब’ आणि ‘नको’ चालत नसतील तर मूल नकार सांगायला स्वतःचं मनगट चावण्यासारख्या गोष्टींकडेच वळणार. औषधासारखं टळत नसेल तेव्हा ‘नको म्हणतोयस, कळलं’ असं आधी म्हणायचं, औषध द्यायचं आणि ‘संपलं’ दाखवायचं.

टॅबलेटवर आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे चित्र दाबलं की शब्द बोलून दाखवणारं ॲप मोफत आणि मराठीत आहे. टॅबलेट फक्त बोलण्यासाठी ठेवा. त्यावर कार्टून आलं की ते खेळणं होतं, आणि शिक्षा म्हणून काढूनही घेतलं जातं. आवाज काढून घेणं ही शिक्षा असूच शकत नाही. चार्जिंग संपतं, म्हणून कागदी तक्ता दप्तरात हवाच.

वर्गात तक्ता वापरू द्या म्हटल्यावर शाळेचं उत्तर होतं, ‘बोलायला लागला की बघू.’ अशा वेळी वाद न घालता मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधलं कलम १६ समावेशक शिक्षणाचं आहे, आणि याच कायद्यातल्या संवादाच्या व्याख्येत पर्यायी साधनंही येतात. समग्र शिक्षा अभियानातल्या विशेष शिक्षकांची मदत मागा.

वर्गात एक तक्ता बाकावर चिकटवा, एक बाईंच्या टेबलावर. हजेरीला ‘मी’ दाबलं की हजर. उत्तरासाठी तीन पर्याय लिहून द्या. बरोबर उत्तराची जागा दर वेळी बदला, नाहीतर मूल उत्तराऐवजी जागा शिकतं. मदतनीस ताईंनी मनगट किंवा कोपर धरून टाइप करून घेऊ नये. तसं लिहिलेलं धरणाऱ्याच्या मनातलं निघतं, हे चाचण्यांमधून वारंवार दिसलं आहे.

आरव अजून तोंडाने बोलत नाही. पाणी मागताना ‘पा’ येतो, तोही कधीकधी. स्पीच थेरपी चालू आहे. पुढचा तक्ता ४० चौकटींचा असेल, पहिल्या वीस शब्दांची एकमेकांशेजारची मांडणी तशीच ठेवून, नवे शब्द कडेने वाढवत.