‘ऑफेन्स’ला लिथुआनियनमध्ये काय म्हणाल?

विचारणाऱ्याला इंग्रजीतले पाच शब्द लिथुआनियनमध्ये हवे आहेत: थेफ्ट, रॉबरी, ब्राइब, इन्सल्ट आणि ऑफेन्स. वर पुस्ती, ‘लिथुआनियन संस्कृतचीच मुलगी ना, मग आपल्याला सोपं जाईल.’ आधी या पुस्तीचा समाचार घेतो. लिथुआनियन संस्कृतची मुलगी नाही, नातही नाही. दोघी एकाच आजीच्या, पण चुलत घरच्या. ‘देवाने दात दिले, भाकरीही देईल’ या अर्थाची लिथुआनियन म्हण, ‘दिएवस दावे दांतिस, दुओस इर दुओनोस’, संस्कृतशेजारी ठेवून दर महिन्याला कुणीतरी मला पाठवतो. म्हण खरी आहे. पण एका म्हणीवरून आईपण सिद्ध होत नाही.

आता शब्द. चोरी म्हणजे वगीस्ते, चोर वगिस. जबरी चोरी म्हणजे प्लेशिमस. प्लेश्ति म्हणजे फाडणे, ओरबाडणे. इथे आपल्या बातम्यांसारखा घोळ करू नका. बंद घराचं कुलूप तोडून कपाट साफ केलं तरी आपल्याकडे ‘दरोडा’ पडतो! भारतीय कायद्यात दरोड्याला किमान पाच जण लागतात. त्याहून कमी असतील आणि धाकदपटशा असेल तर ती जबरी चोरी, आणि मालकाच्या गैरहजेरीत कुलूप तोडलं तर घरफोडी. रॉबरीला दरोडा म्हणणाऱ्याने लिथुआनियनच्या वाटेला जाऊ नये. लाचेला कीशिस. किश्ति म्हणजे खुपसणे, सरकवणे, तेव्हा अधिक सांगायची गरज नाही.

ऑफेन्सची मात्र खरी पंचाईत आहे. इंग्रजी एकाच शब्दात गुन्हाही भरते आणि मन दुखावणंही. लिथुआनियनमध्ये हे चालत नाही. मोठा गुन्हा नुसिकल्तिमस. त्यातला कल्तस म्हणजे दोषी, आणि हा शब्द स्कोला, म्हणजे कर्ज, याच्याशी जोडला जातो. जर्मन ‘शुल्ड’मध्ये कर्ज आणि दोष दोन्ही आहेत, वेदातलं ‘ऋण’ही पापाच्या अर्थाने येतं, त्यामुळे यात नवल नाही. (कल्तस म्हणजे छिन्नीसुद्धा, पण तो वेगळा शब्द, स्वराघात चुकला तर न्यायालयात उभं राहून ‘मी छिन्नी आहे’ असं कबूल कराल.) किरकोळ गुन्हा, वाहतुकीचा नियम मोडण्यासारखा, म्हणजे नुसिझेंगिमस. झेंग्ति म्हणजे पाऊल टाकणे, तेव्हा हे चुकीचं पाऊल. आपली जंघा याच कुळातली. आपल्या कायद्याच्या मराठीत ऑफेन्सला ‘अपराध’ आहे आणि त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे. तिकडे पाऊल चुकतं, इकडे बाण.

आणि आता ज्याच्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो तो शब्द. इन्सल्ट म्हणजे ईझेइदिमस. यातला ‘ई’ हा ‘आत’ या अर्थाचा उपसर्ग, आणि झेइस्ति म्हणजे जखमी करणे. जखमेला झाइझ्दा. उच्चार सांभाळा: पहिला झ मऊ, ‘श’चा सघोष भाऊ, दुसरा ‘स’चा. अपमान म्हणजे आतली जखम, हे कुणालाही दिसेल. ते सोडा. गंमत या धातूच्या आपल्याकडच्या नातेवाइकात आहे, आणि तो नातेवाईक म्हणजे अवहेलनेतला ‘हेल’!

हसू नका, वर्णावर्णाने दाखवतो. लिथुआनियनमध्ये जिथे तो मऊ झ, तिथे संस्कृतात अनेकदा ह. हिवाळा झिएमा, आपला हिम आणि हेमंत. बदक-कुळातला झासिस, आपला हंस. म्हणजे झाइझ्दाच्या सुरुवातीला ‘ह’ यायला हवा. मधला ‘झ्द’? घरट्याला लिथुआनियनमध्ये लिझ्दस आणि संस्कृतात नीड. सुरुवातीचा ल-न सोडा, ती लिथुआनियन आणि तिची बहीण लाटव्हियन यांची लहर. पण ‘झ्द’चा संस्कृतात ‘ड’ झाला आणि आधीचा स्वर लांबला, हे नीडमध्ये स्पष्ट दिसतं. मग झाइझ्दाच्या जोडीला संस्कृतात काय यायला हवं? ‘हेड’. आणि तो आहे! हेड् हा धातू आहे, रागावणे आणि तुच्छ लेखणे या अर्थांचा. ऋग्वेदात दोन स्वरांमधल्या ‘ड’चा ‘ळ’ होतो, म्हणून तिथे हेळस्, म्हणजे राग. पुढे ‘ल’ होऊन हेला, आणि अव लागून अवहेलना.

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या चोविसाव्या सूक्तात शुनःशेप ऋषी वरुणाला म्हणतो, ‘अव ते हेळो वरुण नमोभिः’. नमस्कारांनी तुझा राग आम्ही दूर करतो. त्याच ऋचेच्या शेवटी, आमची केलेली पापं सैल कर, अशी विनवणी आहे. गुन्हा आणि दुखावणं एका ऋचेत! मात्र इथे अवहेलना सापडली म्हणून नाचू नका. हा ‘अव’ हेळचा नाही, पुढच्या ‘ईमहे’ या क्रियापदाचा आहे. एका विद्वान गृहस्थांनी मला हीच ओळ पुरावा म्हणून ऐकवली होती. पदपाठ नावाची, ऋचेतला शब्दन् शब्द सुटा करून दाखवणारी चीज असते, ती उघडावी.

इंग्रजी ‘घोस्ट’सुद्धा याच कुळातला मानतात. म्हणजे एकीकडे भूत, एकीकडे जखम, एकीकडे वरुणाचा राग.

आता शंकेखोर. ते म्हणतात, क्रियापदात तो मधला ‘झ’ कुठे आहे? वर्तमानकाळात झेइद्ज्या, भूतकाळात झेइदे. ‘झ’ नाहीच, मग हेड्शी नातं कसलं? आक्षेप खरा आहे, पण त्याने काही मोडत नाही. लिथुआनियनमध्ये ‘ति’पुढे, म्हणजे आपल्या ‘-णे’सारख्या प्रत्ययापुढे, धातूतला ‘द’ ‘स’ होतो. नेणे म्हणजे वेस्ति, पण ‘नेतो’ वेदा. झेइस्ति हे रूप ऐकणाऱ्याने धातू झेइझ्द- समजावा की झेइद-? वेस्ति-वेदाच्या वळणावर बोलणाऱ्यांनी झेइद- घेतला आणि क्रियापदातला ‘झ’ गळला. जखमेच्या नामात तो तसाच राहिला, कारण नामाला ‘ति’ लागत नाही. हे माझं मत आहे, आणि उलट बाजूने मला आजवर फक्त खांदे उडवलेले दिसले आहेत.

हेळसांडमधला हेळही हाच, असं मी मानतो. ‘हेळणे’ आणि ‘सांडणे’, म्हणजे तुच्छ लेखणे आणि टाकून देणे, अशी जोडी. अव्हेरणे हा शब्दही याच घरचा असल्याचा मला दाट संशय आहे, पण त्यावर वेगळं भांडू. आणि कृपा करून न्यायालयाची ‘अवमानना’ हा हिंदीतून उचललेला शब्द बंद करा. मराठीत न्यायालयाचा अवमान होतो.

प्रश्न राहिला. ऑफेन्स कायद्याचा असेल तर नुसिकल्तिमस किंवा नुसिझेंगिमस, मनाला लागलेला असेल तर ईझेइदिमस. बदनामी वेगळी, तिला श्मेइझ्तस. हा भेद कामाचा आहे, कारण 2015 साली लिथुआनियाने साधा अपमान फौजदारी गुन्ह्यांतून काढला, बदनामी ठेवली. कागदपत्र भाषांतरित करत असाल तर दोन्हींची अदलाबदल करू नका.

शिव्या विचारलेल्या नाहीत, तरी सांगतो. घरंदाज लिथुआनियन माणूस चिडला की ‘रुपूझे’ म्हणतो, म्हणजे भेक, तो अंगावर फोड असलेला बेडूक. लहान मुलं जवळ असतील तर तेही अर्ध्यावर वळवून ‘रुपूस मिल्ताइ’, जाडंभरडं पीठ! फारच तापला तर ‘पो शिम्त्स पीप्क्यू’, शंभर चिलमींची शपथ. याहून झोंबणारं काही हवं असेल तर तो सरळ रशियनमध्ये शिरतो.