आर या प्रोग्रॅमिंग भाषेमध्ये उंची आणि वजन या दोन व्हेक्टरांचा (म्हणजे आकड्यांच्या याद्यांचा) एक मॅट्रिक्स, म्हणजे ओळी-स्तंभांचा तक्ता, कसा करायचा?

दोन्ही शेजारी शेजारी स्तंभ म्हणून हवे असतील तर सीबाइंड(उंची, वजन) लिहा. एकाखाली एक ओळी हव्या असतील तर आरबाइंड. स्तंभांना व्हेक्टरांचीच नावं आपोआप मिळतात, म्हणून मी हाच मार्ग सुचवेन. मॅट्रिक्स() वापरलंत तर आर आकडे वरून खाली, स्तंभानुसार भरतो: १ ते ६ दोन ओळींत टाकले की पहिल्या ओळीत १, ३, ५ येतात. ओळीनुसार हवे तर बायरो = ट्रू द्या. मात्र आधी लेंग्थ() ने लांबी तपासाच. ६ आणि ३ लांबीचे व्हेक्टर जोडले तर छोटा गुपचूप दोनदा वापरला जातो, साधी वॉर्निंगही येत नाही. ६ आणि ४ असतील तर येते.