‘पात्रांतील विविधता’ की ‘पात्रयोजनेतील विविधता’?

एका वाचक मैत्रिणीचा प्रश्न आहे. ‘मिस मार्व्हल’ ही सुपरहिरो मालिका आली तेव्हा नायिका पाकिस्तानी-अमेरिकन असण्यावरून प्रेक्षकांत जो वाद झाला, त्यावर ती मराठीत लेख लिहिते आहे. तिने लिहिले होते, ‘पात्रांतील विविधतेवर प्रेक्षकांचा आक्षेप’. सहकाऱ्याने ते खोडून ‘पात्रनिवडीतील वैविध्यतेवर’ असे केले. बरोबर काय, हे तिला हवे आहे. शिवाय ‘रिव्ह्यू बॉम्बिंग’ला, म्हणजे एखाद्या मालिकेचे गुण पाडण्यासाठी एकजुटीने कमी गुण देण्याला, मराठीत काय म्हणावे, हेही तिने विचारले आहे.

‘वैविध्यता’ आधी बाजूला करू. ‘विविध’चे भाववाचक नाम ‘ता’ लावून होते तसे ‘य’ लावूनही होते. ‘विविधता’ म्हणा किंवा ‘वैविध्य’ म्हणा. दोन्ही प्रत्यय एकाच शब्दावर चढवले की ‘सौंदर्यता’, ‘धैर्यता’ यांच्या पंगतीतला शब्द तयार होतो. तो टाळावा. यावर अधिक बोलण्यासारखे काही नाही.

खरा प्रश्न ‘पात्र’ या शब्दाचा आहे आणि तो फार महत्त्वाचा आहे, कारण या सगळ्या वादाची गाठ नेमकी तिथेच बसली आहे. ‘पात्र’ म्हणजे नट की नटाने उभी केलेली व्यक्ती? जुन्या वापरात दोन्ही. शाकुंतलाच्या प्रस्तावनेत सूत्रधार नटीला सांगतो की ‘प्रतिपात्रम्’, म्हणजे पात्रागणिक, मेहनत घेतली पाहिजे. तिथे पात्र म्हणजे ती भूमिका आणि ती करणारा माणूस, असे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. मराठीत मात्र ते हळूहळू वेगळे झाले. छापील नाटकाच्या सुरुवातीला ‘पात्रपरिचय’ असतो, त्यात कथेतली माणसे येतात. ती कामे कोणी केली, ते वेगळे छापतात. आज ‘मला ते पात्र आवडलं’ असे कोणी म्हटले तर कथेतली व्यक्ती आवडली, असेच आपण समजतो.

हा फरक मराठी रसिकाला कोणी शिकवावा लागत नाही. ‘एकच प्याला’मधली सिंधू हे पात्र, आणि सिंधूचे काम करणारे बालगंधर्व हे नट. एक स्त्री, दुसरा पुरुष. दोन गोष्टी दोन आहेत हे ठाऊक असल्यामुळेच लोक नाट्यगृहात बसून डोळे पुसत होते.

आता हाच फरक सुपरहिरोंच्या मालिकांना लावून पाहा. ‘मिस मार्व्हल’चा पहिला भाग 8 जून 2022 रोजी आला. नायिका न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत राहणारी, पाकिस्तानी-अमेरिकन, मुस्लिम घरातली शाळकरी मुलगी. काम केले इमान वेलानी हिने. ती कराचीत जन्मलेली आणि कॅनडात वाढलेली. ‘विविधतेसाठी आमची नायिका बदलली’ अशी ओरड तेव्हा झाली. पण बदलले काय? ही मुलगी 2013 साली कॉमिक्समध्ये आली तीच पाकिस्तानी-अमेरिकन म्हणून. 2014मध्ये तिच्या नावाचे स्वतंत्र कॉमिक सुरू झाले आणि 2015 साली त्याच्या पहिल्या खंडाला विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिला घडवणाऱ्यांमध्ये संपादक साना अमानत आणि लेखिका जी. विलो विल्सन या दोघी होत्या. मालिकेने पात्र जसे होते तसे घेतले आणि त्याला साजेशी मुलगी निवडली. म्हणजे इथे विविधता पात्रात आहे, निवडीत नाही.

एक बारकावा मात्र सांगायलाच हवा. ‘मिस मार्व्हल’ हे नाव तिचे नव्हते. 1977पासून ते कॅरल डॅनव्हर्स या पात्राचे होते. कॅरल 2012 साली कॅप्टन मार्व्हल झाली, आणि तिची भक्त असलेल्या या मुलीने ते नाव पुढे घेतले. त्यामुळे ‘आमची मिस मार्व्हल कुठे गेली’ म्हणणाऱ्या जुन्या वाचकाला नाव गेल्याची चुटपुट लागली असेल, तर ती समजू शकते. पण मराठीत ते तसेच लिहावे: नाव दुसऱ्या पात्राकडे गेले. ‘पात्र बदलले’ असे लिहिले की घडलेच नाही ते घडले असे होते.

याच्या उलट ‘टायटन्स’ ही 2018ची मालिका. त्यातली स्टारफायर 1980 साली मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी निर्माण केली. ती परग्रहावरची राजकन्या, कातडी नारिंगी. तिचे काम सेनेगलमध्ये जन्मलेल्या ॲना डायॉप या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला दिले गेले. मालिका सुरू व्हायच्या आधीच तिच्यावर इतकी वर्णद्वेषी शेरेबाजी झाली की तिने आपल्या इन्स्टाग्रामवरच्या प्रतिक्रिया बंद केल्या. ‘द फ्लॅश’ 2014 साली सुरू झाली तेव्हा नायकाची प्रेयसी आयरिस वेस्ट हिचे काम करणाऱ्या कृष्णवर्णीय कँडिस पॅटनच्याही वाट्याला हेच आले. कॉमिक्समधली आयरिस 1956पासून गोरी रंगवली जात होती. इथे पात्र जुनेच, पण काम वेगळ्या वंशाच्या नटीकडे. ही निवडीतली विविधता. आणि स्टारफायरबाबत तर ‘मूळ पात्राशी प्रामाणिक राहा’ या म्हणण्यालाही आधार नाही. परग्रहावरच्या नारिंगी राजकन्येला पृथ्वीवरचा कुठला वंश लावणार?

म्हणून मैत्रिणीला माझे उत्तर असे: ‘मिस मार्व्हल’पुरते बोलायचे तर तुझे वाक्य बरोबर होते. ‘पात्रांतील विविधता’ हाच नेमका शब्द. ‘टायटन्स’ किंवा ‘द फ्लॅश’वर लिहिशील तेव्हा सहकाऱ्याची दुरुस्ती निम्मी उपयोगी पडेल. निम्मी अशासाठी की ‘पात्रनिवड’ हा शब्द ‘पात्र’च्या जुन्या अर्थावर उभा आहे. चूक नव्हे, पण वाचणाऱ्याला वाटते की कथेत कोण कोण असावे ते निवडले. मराठी नाट्यसमीक्षेत यासाठी ‘पात्रयोजना’ हा शब्द आहेच. कोणाला कोणते काम द्यायचे याची योजना. ‘पात्रयोजनेतील विविधता’ म्हटले की घोटाळा राहत नाही. सगळ्यांनी मिळून झालेला संच म्हणायचा असेल तर ‘नटसंच’. बोलताना आपण दिवसभर ‘कास्टिंग’ म्हणतो आणि लेखातही ते खुशाल लिहावे. त्याला हरकत घेण्यासारखे काही नाही. फक्त ‘कास्टिंगवर आक्षेप’ लिहिण्याआधी आक्षेप खरोखर कास्टिंगवर होता का, ते पाहावे.

‘आक्षेप’ या शब्दाचा एक मोठा गुण हा की त्याला ‘वर’ लागतो आणि कशावर ते सांगावेच लागते. ‘प्रेक्षकांच्या संमिश्र प्रतिक्रिया’ लिहिले की सगळे एका पोत्यात जाते. ‘मिस मार्व्हल’वर रास्त तक्रारीही होत्या. कॉमिक्समध्ये ही मुलगी अंग ताणते, हात मोठा करते, आकार बदलते. मालिकेत तिला प्रकाश घट्ट करून वापरण्याची शक्ती दिली. जुन्या वाचकांतल्या बऱ्याच जणांना हे रुचले नाही, कारण स्वतःच्या शरीराबद्दल अवघडलेल्या किशोरवयीन मुलीला शरीर बदलण्याची शक्ती असणे, यात कथेचा अर्थ होता. हा कथेवरचा आक्षेप आहे आणि तो मला वजनदार वाटतो. पाकिस्तानी मुलगी नायिकाच नको, हा मात्र आक्षेप नव्हे. त्याला द्वेष म्हणावे. मराठीत दोन शब्द असताना दोघांना एका शब्दात कोंबू नये. तसे केले तर खऱ्या रसिकाची तक्रार द्वेष्ट्याच्या खात्यावर जमा होते आणि द्वेष्ट्याला रसिकाचा मान मिळतो.

वर मी ‘वंश’ही लिहिले आणि ‘वर्ण’ही. लिहिताना जपून वापरावेत असे हे शब्द आहेत. नुसता ‘वर्ण’ म्हटला की मराठी वाचकाला चातुर्वर्ण्य आठवते. ‘वर्णद्वेष’ आणि ‘कृष्णवर्णीय’ हे सामासिक शब्द मात्र वर्तमानपत्रांनी दक्षिण आफ्रिकेच्या बातम्यांपासून रुळवले आहेत, ते निर्धास्त वापरावेत. एरवी ‘वंश’ बरा. ‘आशियाई’ हा शब्दही एकटा सोडू नये. अमेरिकेत त्याने आधी चिनी, जपानी, कोरियन चेहरा डोळ्यांसमोर येतो, ब्रिटनमध्ये आपल्याकडचा. ‘दक्षिण आशियाई’ लिहावे. या मालिकेला तो शब्द विशेष शोभतो, कारण पात्रे पाकिस्तानी असली तरी आई-वडिलांची कामे करणारे झेनोबिया श्रॉफ आणि मोहन कपूर हे मुंबईचे आहेत, आणि फवाद खान व फरहान अख्तर एकाच नटसंचात आहेत.

आता ‘रिव्ह्यू बॉम्बिंग’. मालिका सुरू होताच आयएमडीबी या, प्रेक्षक जिथे चित्रपट-मालिकांना ताऱ्यांनी गुण देतात त्या संकेतस्थळावर तिला एक-तारा गुण देणाऱ्यांची रीघ लागली. समीक्षकांनी उचलून धरलेल्या मालिकेचे प्रेक्षक-गुण त्यामुळे पहिल्याच दिवसांत घसरले. मालिका पाहून वाईट वाटणे वेगळे आणि गुण पाडायचे म्हणून एकजुटीने एकच तारा देणे वेगळे. या दुसऱ्या प्रकाराला ‘बॉम्ब’ आणण्याची गरज नाही. ‘भडिमार’ हा आपला शब्द तयार आहे. तोफांचा भडिमार व्हायचा, आता प्रश्नांचा होतो, आरोपांचा होतो. एकामागून एक, थांबू न देता, पाडण्यासाठीच मारणे हा अर्थ त्यात मुरलेला आहे. ‘मालिकेवर एक-ताऱ्यांचा भडिमार झाला’ हे वाक्य कोणत्याही वाचकाला टीपेशिवाय कळेल. ‘एकतारी भडिमार’ लिहू नये. ‘एकतारी’ हे भजनातले वाद्य आहे, आणि तो शब्द त्याच कामासाठी राखलेला बरा.

न विचारलेली एक गोष्ट सांगतो, कारण लेखात ती चूक होण्याची दाट शक्यता आहे. नायिकेचे नाव रोमन अक्षरांत पाहून मराठीत बहुतेक ठिकाणी ‘कमला खान’ छापले जाते. कमला म्हणजे लक्ष्मी, कमळाशी नाते सांगणारी. या मुलीचे नाव त्या कुळातले नाही. ते ‘कमाल’वरून आले आहे. मालिकेच्या शेवटच्या भागात तिचे वडीलच तिला समजावतात की कमाल म्हणजे अरबीत परिपूर्णता आणि उर्दूत आश्चर्य, नवल, म्हणजेच ‘मार्व्हल’. सुपरहिरो म्हणून घ्यायचे नाव तिला तिथे घरातूनच, वडिलांच्या तोंडून मिळते. ‘कमला’ लिहिले तर हा सगळा प्रसंग मराठी वाचकाच्या हातून निसटतो. ‘कमाला’ लिहावे, मालिकेतला उच्चारही तोच आहे. आणि हा शब्द आपल्याला परका कुठे आहे? ‘आजचे कमाल तापमान’ यातली कमाल अरबी परिपूर्णतेच्या जवळची, म्हणजे गाठता येईल ती शेवटची पायरी. ‘कमाल केलीस!’ यातली कमाल थेट उर्दूतली, नवलाची. स्त्री आहे म्हणून तिच्यासाठी ‘सुपरहिरोइन’ असा वेगळा शब्दही करू नये. आपल्याकडे हिरॉइन म्हणजे सिनेमातली नायिका, त्यामुळे अर्थ भलतीकडे जातो. ‘कमाला खान ही सुपरहिरो आहे’ एवढे पुरे.