‘सारखा’ दिसला की उपमा? अलंकार ओळखायचे कसे

तुम्ही विचारलंय की अलंकारांच्या व्याख्या पाठ आहेत, पण कविता समोर आली की उपमा, उत्प्रेक्षा, रूपक यातलं कुठलं ते कळत नाही. आणि एवढं शिकून कविता जास्त कळते का, असंही विचारलंय. आधी पहिलं घेते.

मी बेळगावात वडगावला राहते आणि संध्याकाळी दहावीच्या मुलांच्या मराठीच्या शिकवण्या घेते. एकदा चाचणीत वाक्य दिलं होतं, ‘बेळगावात जूनपासून पाऊस सारखा पडतो.’ अलंकार असेल तर ओळखा, नसेल तर ‘नाही’ लिहा. निम्म्याहून जास्त पोरांनी बिनधास्त लिहिलं, उपमा! एकानं तर पुढं ‘उपमेय: पाऊस, उपमान: दिलेले नाही’ असंही लिहिलं होतं. हसून झाल्यावर लक्षात आलं, चूक माझीच. ‘सम, जसा, प्रमाणे, सारखा दिसला की उपमा’ हे मीच घोकून घेतलं होतं. पोरांनी शब्द शोधला, तुलना शोधलीच नाही.

आणि तुलना असली तरी ती उपमा असेलच असं नाही. ‘धाकटा थोरल्यासारखाच उंच आहे’ ही नुसती माहिती. संस्कृत अलंकारशास्त्रात यासाठी एक जुनं उदाहरण देतात: गवा गायीसारखा असतो. साम्य आहे, पण चमत्कृती, म्हणजे मनाला गंमत वाटेल असं काही, नाही, म्हणून अलंकार नाही. परीक्षेची पुस्तकं नेमका हाच भाग गाळतात.

त्या चाचणीनंतर मी पद्धत बदलली. आमच्या घरी दोन हातमाग होते. शहापूर-वडगाव भाग विणकरांचा, मी कांड्या भरत मोठी झाले. तर एकच पाऊस घ्यायचा, मागावरचा एकच ताणा (मागावर ताणून लावलेले उभे धागे) घ्यायचा, आणि कवी या दोघांचं काय काय करतो ते बघायचं.

‘पावसाच्या धारा ताण्यासारख्या सरळ उतरत होत्या.’ उपमा. ज्याच्याबद्दल बोलायचंय ते पावसाच्या धारा, म्हणजे उपमेय. ज्याची मदत घेतली तो ताणा, म्हणजे उपमान. सरळपणा हा दोघांतला समान धर्म. दोन घरं शेजारीशेजारी, मधे भिंत शाबूत.

‘पावसाच्या धारा म्हणजे जणू आभाळानं लावलेला ताणाच.’ उत्प्रेक्षा. आता भिंतीला खिडकी पडली. कवी म्हणतो, मला हे तेच वाटतंय. पण ‘जणू’ म्हणून स्वतःची सुटकाही ठेवतो. जुन्या कवितेत हे काम ‘गमे’, ‘भासे’, ‘की’ करतात, तिथं फसू नका.

‘आभाळाच्या मागावरचा हा पाऊस-ताणा संपता संपत नाही.’ रूपक. भिंत पाडली, एकच घर झालं.

‘या धारा नव्हेतच, हा आभाळानं सोडलेला ताणा.’ अपन्हुती. इथं मूळ घरमालकालाच बाहेर काढलं.

इथवर आलं की बाकीची नावं भराभर लागतात. ‘धारा म्हणाव्यात की ताणा?’ ससंदेह. ‘ताण्यानं लाजावं इतक्या सरळ धारा’ म्हटलं तर व्यतिरेक, उपमेय वरचढ ठरलं. ‘बेळगावच्या पावसासारखा बेळगावचा पाऊसच’ म्हटलं तर अनन्वय, दुसरं काही तोडीचं सापडलंच नाही. आणि माझा आवडता भ्रांतिमान: दारात बसलेली म्हातारी ताण्याची तार तुटली असं समजून ओघळती धार सांधायला हात पुढं करते. ससंदेहात प्रश्न पडतो, भ्रांतिमानात माणूस फसून कृती करून मोकळा होतो. एवढा फरक धरलात तर ही दोन नावं पुन्हा कधी गळ्यात पडणार नाहीत.

म्हणून माझा सल्ला, नाव आठवत बसू नका. दोन गोष्टी कुठल्या आणि त्यांच्यातलं अंतर किती उरलंय एवढंच विचारा. ही नावं कुणी एका बैठकीत ठरवलेली नाहीत. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढं अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंद या संस्कृत ग्रंथापर्यंत येता येता ते शंभरावर गेले. लोक बारीक बघत गेले, नावं वाढत गेली. सगळी पाठ करायची गरज कुणालाच नाही, दहावीला तर नाहीच.

तुम्ही यमकाबद्दल विचारलेलं नाही, पण आमच्या भागात राहून ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. शाळेत आपण ओळीच्या शेवटच्या जुळणीला सरसकट यमक म्हणतो. जुन्या शास्त्रात मात्र तोच अक्षरसमूह वेगळ्या अर्थानं पुन्हा आला की यमक. आणि जुळणी शेवटीच हवी असंही नाही. जुन्या कन्नड पद्यात प्रत्येक ओळीचं दुसरं व्यंजन सारखं ठेवतात, त्याला आदिप्रास म्हणतात. ओवी ऐकून तयार झालेला माझा कान ओळीच्या शेवटाची वाट बघायचा, त्यामुळं शेजारच्या कन्नड बाईंनी म्हटलेलं पद्य मला कित्येक वर्षं ‘न जुळणारं’ वाटायचं. जुळणी सुरुवातीलाच होऊन गेलेली असायची, आणि मी शेवटाला कान लावून बसलेली!

गंमत म्हणजे कन्नडमधला आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना ग्रंथ, नवव्या शतकातला कविराजमार्ग, हा अलंकारशास्त्राचाच आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळातला, दंडीच्या काव्यादर्श या संस्कृत ग्रंथाचा आधार घेतलेला. अस्सल कन्नड कुठल्या मुलखातलं ते सांगताना त्यात चार गावं येतात, त्यातलं ओक्कुंद म्हणजे आपल्या जिल्ह्यातलं, बैलहोंगल तालुक्यातलं वक्कुंद. अलंकार म्हणजे पुण्याहून आलेल्या पुस्तकातली भानगड, असं इथल्या पोरांना वाटतं तेव्हा मी हे सांगते.

श्लेषाचं, म्हणजे एकाच शब्दातून दोन अर्थ काढण्याचं, उदाहरणही आम्हाला गल्लीतच मिळतं. कन्नडमध्ये ‘हालु’ म्हणजे दूध. गवळी आला नाही की आमची आई म्हणायची, ‘आज हालु नाही, खरं हाल आहेत.’ (हे ‘खरं’ म्हणजे ‘पण’. आमच्याकडं असंच बोलतात.) एका भाषेतला शब्द दुसऱ्या भाषेत वेगळाच अर्थ देतो, त्यावर उभ्या असलेल्या श्लेषाला रुद्रट या जुन्या संस्कृत शास्त्रकारानं भाषाश्लेष असं वेगळं नावच दिलंय. आईचं उदाहरण शास्त्राच्या काट्यावर तंतोतंत बसेल असं नाही, शेवटचा ‘उ’ आडवा येतो. पण पोरांना श्लेष त्यातूनच कळतो.

वृत्ताचं, म्हणजे ओळीतल्या लघु (ऱ्हस्व) आणि गुरू (दीर्घ) अक्षरांच्या ठरलेल्या क्रमाचं, थोडक्यात. लघु-गुरू कागदावर मांडण्याआधी टाळी वाजवून म्हणा. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत: लगागा (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू) चार वेळा, बारा अक्षरं. ‘मना सज्जना’मधला ‘स’ ऱ्हस्व दिसतो, पण पुढच्या ‘ज्ज’चा आघात त्याच्यावर येतो म्हणून तो गुरू. टाळीला हे आपोआप कळतं, डोळ्याला कळत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. नावं शिकून कविता कळते असं मी म्हणणार नाही. पण कविता कुठं कमी पडली ते कळतं. आमच्या सीमाभागात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांतून मराठी साहित्य संमेलनं भरतात, कविसंमेलनाला मंडप गच्च भरतो. तिथं सीमेवरच्या कविता ऐकल्या की सीमा म्हणजे जखम, सीमा म्हणजे काटेरी कुंपण, हीच दोन रूपकं वर्षानुवर्षं. टाळ्या पडतात, माझ्याही पडतात, दुःख खोटं नाही. पण उपमान इतकं वापरलं गेलंय की मधलं अंतर जाणवतच नाही, चमत्कृती गेली. त्यापेक्षा एका नवख्या पोरीनं पावसात डोक्यावर ढग ओढून बसलेल्या राजहंसगड किल्ल्याबद्दल दोन ओळी म्हटल्या होत्या, ती साधी चेतनगुणोक्ती (निर्जीव वस्तूला माणसासारखं वागवणं) मला अजून आठवते.

परीक्षा जवळ असेल तर एक करा. पुस्तकातल्या दहा कविता घ्या आणि पेन्सिलीनं फक्त उपमेयाखाली रेघ मारत जा, अलंकाराचं नाव लिहू नका. दुसऱ्या दिवशी उपमानाला गोल करा. नावं तिसऱ्या दिवशी लिहा. जिथं गोल करायला काही सापडलं नाही, तिथं ‘सारखा’चा अर्थ आधी तपासा.